भरती करणाऱ्याची जबाबदारी

महाराष्ट्रातील कित्येक खेड्यांत चावडीच्या अथवा शाळेच्या भिंतीत बसविलेली एक लहानशी दगडी पाटी दृष्टीस पडते. ह्या गावातून सन १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास अमुक इतके पुरुष गेले व त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तीवरील मजकूर. गेलेल्यांची नावे नाहीत व मेलेल्यांचीही नाहीत; केवळ दोन आकडे. आणखी एक गोष्ट त्या पाटीवर मुळीच नाही. त्यांना जा म्हणून कोणी सांगितले, काय सांगून नेले, आणि ते परत आले नाहीत तेव्हा त्या सांगणाऱ्याने त्यांच्या आईबापांस तोंड दाखविले की नाही, ह्याविषयी दगड काही बोलत नाही.

एका उपदेशक बंधूंनी आम्हांस जो प्रश्न केला आहे तो वाचून ह्या पाटीची आठवण झाली. त्यांच्या मंडळीतील एक भाऊ फौजेत बरीच वर्षे इमानेइतबारे नोकरी करून आता भरतीच्या कचेरीत नेमला गेला आहे. उपासनेस नेमाने येणारा व मोठ्या भक्तीचा असा हा मनुष्य आहे. तो उपदेशकांस म्हणाला, "सरहद्दीवर होतो तेव्हा रात्री झोप लागत असे, आता मेजापाशी बसतो आणि झोप लागत नाही. तेथे मी आपला जीव धोक्यात घालीत होतो, येथे लोकांच्या मुलांचा घालतो." असले काम ख्रिस्ती मनुष्याने पत्करावे काय, व पत्करले तर कोणत्या रीतीने करावे, असे उपदेशक विचारतात. प्रश्न एका माणसाचा दिसतो, परंतु तो आपणां सर्वांस लागू आहे असे आम्हांस वाटते. ते कसे हे पुढे सांगू.

प्रथम जुना वाद बाजूस ठेवू. ख्रिस्ती मनुष्याने शिपाई व्हावे की नाही, ह्याविषयी मंडळीत दोन मते फार दिवसांची आहेत. मेनोनाइट व क्वेकर बंधू शस्त्र हाती धरणे प्रभूच्या शिकवणीविरुद्ध मानतात. लूथरपंथी मंडळीने १५३० सालच्या आउग्सबुर्गच्या कबुलीत, न्यायाच्या युद्धात शिपाईगिरी करण्यास ख्रिस्ती मनुष्यास प्रत्यवाय नाही, असे लिहून ठेविले. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडण्यास सांगितले नाही. जुलुमाने कोणाचे पैसे उकळू नयेत व मिळेल त्या पगारावर समाधान मानावे, असा उपदेश केला. कर्नेल्य शताधिपतीच्या घरी पेत्र गेला, त्या घरच्यांस पवित्र आत्मा मिळाला, आणि कर्नेल्याने तलवार ठेविली की नाही हे शास्त्र सांगत नाही. तेव्हा ह्या दोन मतांच्या बंधूंनी एकमेकांस पापी न म्हणता चालावे हे बरे.

परंतु भरती करणाऱ्याचा प्रश्न निराळा आहे. शिपाई आपले शरीर देतो. भरती करणारा दुसऱ्याचे मागतो. युद्धभूमी त्याच्या दृष्टीस पडत नाही. त्याच्यापुढे असते फीत, वजनाचा काटा व नोंदवही. संध्याकाळी तो आकडा वर पाठवितो, आणि आकडा भरला म्हणजे त्याची वाहवा होते. ह्या कामात मनाला सुन्नपणा येण्यास फार काळ लागत नाही.

आमच्या लोकांचा इतिहास पाहिला तर मात्र भरतीच्या दाराकडे केवळ मृत्यूचे दार म्हणून पाहता येत नाही. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचे पूर्वज महार होते. मुंबई इलाख्याच्या फौजेत महारांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे तेथील स्तंभावर आजही वाचता येतात. गावात ज्यांची सावली नको होती त्यांना पलटणीत गणवेश, पगार व शिक्षण मिळाले. डॉक्टर आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते, आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, अमुक जाती लढाऊ व अमुक लढाऊ नव्हेत असे ठरवून, सरकारने महारांची भरती बंद केली. गोपाळबुवा वलंगकरांनी १८९४ साली व शिवराम जानबा कांबळे ह्यांनी १९१० साली ह्या अन्यायाविरुद्ध अर्ज लिहिले. १९१७ साली, युद्धास माणसे कमी पडू लागली तेव्हा, महारांची एक पलटण उभी राहिली. १९२१ साली, गरज सरली तेव्हा, ती मोडण्यात आली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बेळगावी महार रेजिमेंट स्थापन झाली व ती आजतागायत आहे.

ह्यावरून दोन गोष्टी दिसतात. दार लावून घेणारा भरती अधिकारीही पाप करू शकतो. कारण माणसाची छाती मोजण्याऐवजी त्याची जात मोजणे हा देवाच्या प्रतिरूपाचा अपमान आहे. आणि केवळ गरजेपुरते दार उघडणे हाही मोठा पुण्याचा व्यवहार नव्हे. ज्याला काल अयोग्य म्हटले त्यालाच आज मरावयास योग्य ठरविले, आणि उद्या पुन्हा घरी पाठविले, तर त्याची किंमत माणूस म्हणून केली असे कसे म्हणावे?

आता दुसरी बाजू पाहू. पहिल्या महायुद्धाकरिता हिंदुस्थानातून लढणारे व इतर काम करणारे मिळून सुमारे तेरा लाख लोक गेले, आणि त्यांपैकी साठ हजारांवर परत आले नाहीत. प्रारंभी पुष्कळ जण आपण होऊन गेले. परंतु युद्ध लांबले, मेसोपोटेमियातील वार्ता गावोगाव पोचल्या, आणि राजी माणसे मिळेनाशी झाली. तेव्हा पंजाबात जिल्ह्याजिल्ह्यांस आकडे वाटून देण्यात आले. तो आकडा तहसीलदारापासून लंबरदारापर्यंत उतरत गेला, आणि खाली उतरता उतरता विनंतीचा हुकूम व हुकुमाचा जुलूम झाला. ज्यांनी माणसे आणून दिली त्यांना पदव्या व जमिनी मिळाल्या. शाहपूर जिल्ह्यात १९१८ साली भरतीच्या सक्तीने संतापलेल्या गावकऱ्यांनी एका तहसीलदाराचा खून केला. तो तहसीलदार जन्मतः क्रूर होता असे मानण्याचे कारण नाही. त्याच्या डोक्यावर आकडा होता, एवढे पुरे आहे.

त्याच वर्षी गुजराथेत एक अगदी वेगळा भरती करणारा पायी फिरत होता. महात्मा गांधी एप्रिल १९१८ मध्ये दिल्लीच्या युद्धपरिषदेस गेले, व्हाइसरॉयांस साह्य देण्याचे त्यांनी कबूल केले, आणि खेडा जिल्ह्यात वल्लभभाई पटेलांसह शिपाई मिळविण्यास निघाले. जिल्ह्यातील सहाशे गावांनी प्रत्येकी वीस माणसे दिली तर बारा हजार होतील, असा त्यांनी हिशेब मांडला होता. ज्या गावांनी शेतसाऱ्याच्या सत्याग्रहात त्यांना फुकट गाड्या दिल्या होत्या, त्याच गावांत आता भाड्यानेही गाडी मिळेना. अहिंसेचा उपदेश करणारे तुम्ही, आम्हांस हत्यार घ्या असे कसे सांगता, असे लोक त्यांना तोंडावर विचारीत. दीनबंधु ॲण्ड्र्यूज ह्यांसही हे पटले नाही, व त्यांनी आपल्या मित्रास पत्रांतून तसे स्पष्ट कळविले. दिवसाकाठी कित्येक मैल चालून, शिधा बरोबर बाळगून, गांधींनी फारच थोडी माणसे मिळविली. शेवटी ते अतिसाराने अंथरुणास खिळले, आणि नोव्हेंबरात युद्धच संपले.

गांधींचे ते करणे योग्य होते की नव्हते, ह्यावर विद्वान अजून वाद घालतात. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, तहसीलदार आपल्या खुर्चीवर बसून माणसे मागवीत होता आणि हे गृहस्थ दाराशी जाऊन मागत होते. तहसीलदाराला नाही म्हणण्याची सोय नव्हती, गांधींना मात्र गावेच्या गावे नाही म्हणाली, आणि ते नकार त्यांनी ऐकून घेतले. पुढे आपल्या आत्मकथेत त्यांनी हे अपयश लपविलेही नाही. ज्याच्यापुढे माणूस निर्भयपणे नाही म्हणू शकतो, त्याच्यापुढे होय म्हटले तर त्या शब्दास किंमत असते.

शास्त्र ह्याविषयी काय सांगते? अनुवादाच्या विसाव्या अध्यायात इस्राएलाच्या सैन्यभरतीचे जे नियम आहेत ते जगातील कोणत्याही राजाने केले नसते असे आहेत. लढाईस निघण्यापूर्वी अंमलदारांनी लोकांपुढे उभे राहून कोणाकोणास घरी जाण्याची मोकळीक आहे हे पुकारावे! ज्याने नवे घर बांधले आणि त्यात राहिला नाही, ज्याने द्राक्षमळा लाविला आणि त्याचे फळ चाखिले नाही, ज्याची सोयरीक झाली आणि लग्न झाले नाही, आणि ज्याच्या मनात भय आहे, त्या सर्वांनी परत जावे. तेथे भरती अधिकाऱ्याचे पहिले काम माणसे परत पाठविण्याचे होते. गिदोनाने ह्याच रीतीने बत्तीस हजारांपैकी बावीस हजार घरी पाठविले, आणि उरलेल्या दहा हजारांतूनही देवाने तीनशेच निवडले. उलटपक्षी दावीद राजास जेव्हा आपले तलवारबहाद्दर मोजण्याची हौस आली, तेव्हा यवाबासारख्या कठोर सेनापतीनेही हे नको म्हणून विनविले. राजाने ऐकिले नाही, आणि मरीने सत्तर हजार लोक मेले.

दाविदाचीच आणखी एक गोष्ट आहे. उरीया हित्ती ह्यास मारविण्यासाठी त्याने यवाबास पत्र लिहिले आणि ते उरीयाच्याच हाती दिले. बिचाऱ्याने आपल्या मरणाचा हुकूम स्वतः वाहून नेला. आत काय आहे ते त्यास ठाऊक नव्हते. बाण अम्मोन्यांचा होता, आघाडीवर पाठविणारा यवाब होता, तरी नाथान संदेष्ट्याने अपराध दाविदाच्या पदरी घातला. येथे आम्हांस उपदेशकांच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. भरती करणाऱ्याने मुलाच्या हाती जो कागद दिला तो उघडा आहे की मिटलेला? त्यात जे जे आहे ते त्या मुलास वाचून दाखविले, तो समजला, त्याला परत फिरण्याची मोकळीक होती, आणि मग तो आपण होऊन गेला, तर पुढे रणांगणात जे होईल त्याचा सगळा भार ह्या बोलाविणाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. पण कागद मिटलेला असेल, तर मी केवळ फॉर्म भरला ही सबब पिलाताच्या हात धुण्यासारखीच आहे.

मंडळीच्या प्राचीन इतिहासात अशा उघड्या कागदाचे एक उदाहरण आहे. सन २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तेवेस्त शहरी मॅक्सिमिलियन नावाचा एकवीस वर्षांचा ख्रिस्ती तरुण भरतीसाठी रोमी अधिकारी दियोन ह्याच्यापुढे आणिला गेला. त्याचा बाप फाबियस विक्टर ह्याच्याकडेच सैन्यभरतीच्या कराची कामगिरी होती, व मुलासाठी त्याने नवा पोशाखही करविला होता. मुलाने सांगितले की मी ख्रिस्ती आहे, मला शिपाई होता येत नाही. अधिकाऱ्याने बापास म्हटले, तू आपल्या मुलाची समजूत घाल. बापाने उत्तर दिले की, त्याचे हित कशात आहे हे तो जाणतो. त्या दिवशी मुलाचा शिरच्छेद झाला. मरताना त्याने आपला नवा पोशाख वध करणाऱ्या शिपायास देण्यास बापाला सांगितले, आणि बाप देवाचे उपकार मानीत घरी गेला. मॅक्सिमिलियनचे मत सर्वांस मान्य असो वा नसो, त्या बापाकडे पाहा. आकडा भरणे हे त्याचे कर्तव्य होते, आणि पुढे उभा होता तो पोटचा मुलगा. तरीही दुसऱ्याच्या विवेकबुद्धीवर त्याने हात टाकला नाही.

आजची स्थिती पाहिली तर आपल्या देशात सक्तीची भरती नाही. उलट जागा थोड्या व इच्छिणारे फार. पहाटे अंधारात सडकेवर धावणारी मुले आपल्या प्रत्येक तालुक्यात दिसतात. सोळाशे मीटरची धाव ठरल्या वेळात पुरी व्हावी म्हणून कित्येक जण दोन दोन वर्षे घाम गाळतात. त्यांना कोणी ओढून नेत नाही असे म्हणता येईल. परंतु कोरडवाहू दोन एकर, बहिणीचे लग्न व बापाचे कर्ज ही जेथे ओढतात तेथे दुसऱ्या ओढणाऱ्याची गरजच काय? अशा मुलापुढे बसलेल्या अधिकाऱ्यास खोटे बोलावे लागत नाही. तो नुसता गप्प राहिला तरी कागद मिटलेलाच राहतो.

म्हणून तो मोकळेपणे सांगो. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेप्रमाणे नोकरी चार वर्षांची आहे. ती योजना जाहीर झाली तेव्हा ठरले ते असे: पहिल्या वर्षी पगार महिना तीस हजार, पैकी नऊ हजार निधीत कापले जाऊन हाती एकवीस हजार येतात, चार वर्षांच्या अखेरीस निधीचे व्याजासह सुमारे पावणेबारा लाख रुपये मिळतात, निवृत्तिवेतन नाही, आणि शंभरांपैकी पंचवीसपर्यंतच पुढे कायम केले जातात. साडेसतरा वर्षांच्या मुलास हे आकडे कळत नाहीत असे नव्हे, पण आपण त्या पंचवीसांतलेच असे त्या वयात प्रत्येकास वाटते. त्याला जवळ बसवून म्हणावे, "बाळ, तुम्ही चौघे मित्र आला आहात, चौघांपैकी तिघे बाविशीच्या आतबाहेर घरी परत येतील. त्या दिवसाचा विचार केला आहेस का? आणि न येण्याचाही प्रसंग येतो, हे घरी आईशी बोलला आहेस का?" इतके ऐकून जो जाईल तो खरा शिपाई होईल. जो थांबेल त्याला भित्रा म्हणू नये. आणि परीक्षेत पास करून देतो म्हणून गरिबांकडून पैसे घेणारे जे दलाल फिरतात, त्यांच्यापासून त्या मुलास सावध करणे हेही त्याच अधिकाऱ्याचे काम आहे.

तेव्हा त्या भावास आमचे सांगणे असे की, आपले काम सोडावेच असे आम्ही म्हणत नाही. सोडले तर त्या मेजापाशी दुसरा कोणी बसेल, आणि त्याची झोप कदाचित मोडणार नाही. तुमची मोडते हीच तुमची योग्यता. मात्र सगळे सांगा. परत जाणाऱ्यास वाट मोकळी ठेवा. जात, गाव व वशिला पाहू नका. आणि आकड्याजवळ एक वही नावांची ठेवा. त्या नावांसाठी प्रार्थना करा, आणि त्यांपैकी कोणी पडला असे कळले तर त्याच्या घरी जा. पाटीवर नावे कोरली नसली तरी तुमच्यापाशी ती असू द्या.

आता हा प्रश्न आपणां सर्वांचा कसा, ते सांगतो. आम्ही उपदेशक, शिक्षक, वडील व मिशनचे लोक, आम्हीही बोलाविणारेच नव्हे काय? आमच्याही वह्या आहेत. ह्या वर्षी बाप्तिस्मे किती, नवी कुटुंबे किती, हे वर कळवावे लागते, आणि आकडा वाढला म्हणजे आम्हांस धन्यता वाटते. येथे आमचा स्वतःचा एक दोष सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका वस्तीतील सात कुटुंबांस आम्ही मोठ्या उत्साहाने मंडळीत घेतले. येशूच्या शांतीविषयी सांगितले, ते खरेच होते. शाळेविषयी सांगितले, तेही खरे होते. पुढे उन्हाळ्यात गावाने त्यांना विहिरीवर येऊ दिले नाही, आणि त्यांच्यातील एका हुशार मुलाची सरकारी सवलत गेली. आम्ही भेटीस गेलो तेव्हा त्या मुलाची आजी म्हणाली, "हे अगोदर सांगितले असते तरी आम्ही आलो असतो. पण तुम्ही सांगितले नाही." तिने आम्हांस शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

ती गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती असे नाही. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा मनुष्य ख्रिस्ती झाला म्हणजे त्या जातीच्या सवलतींस मुकतो. शिखांस १९५६ साली व बौद्धांस १९९० साली त्यात घेतले, ख्रिस्ती लोकांस घेतलेले नाही. हे न्यायाचे नाही असे आम्ही मानतो. पण अन्याय आहे म्हणून तो नव्या मनुष्यापासून लपवून ठेवावा, किंवा कागदावर एक धर्म व मंडळीत दुसरा अशी युक्ती त्यास शिकवावी, हे त्याहून वाईट. लबाडीने सुरू झालेला विश्वास पहिल्या संकटात डळमळतो, आणि मग त्यास मागे फिरला म्हणून दोष देणारे आम्हीच असतो.

आपल्या प्रभूने माणसे कशी बोलाविली ते पाहावे. एकजण उत्साहाने म्हणाला की तू जाशील तेथे मी येईन, तेव्हा येशूने त्याचे नाव लगेच यादीत घातले नाही. कोल्ह्यांस बिळे असतात, मला डोके टेकण्यास ठिकाण नाही, हे त्यास अगोदर कळविले. बुरूज बांधणाऱ्याने आधी खर्चाचा हिशेब करावा, आणि दहा हजारांनिशी वीस हजारांवर जाणाऱ्या राजाने आधी बसून विचार करावा, असे त्याने दृष्टांतांनी शिकविले. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघाला तेव्हा अटी सैल करून येशूने त्यास परत बोलाविले नाही, तरी त्याच्यावर प्रीती केली. आणि वधस्तंभ उचला असे ज्यांना सांगितले, त्यांच्यापुढे तो स्वतः आपला वधस्तंभ घेऊन चालला. मागे मेजापाशी बसून त्याने कोणासही पुढे पाठविले नाही.

तेव्हा बंधूंनो, येत्या वर्षी आपल्या वहीत आकडा कमी भरला तरी चालेल. प्रत्येक घराला सर्व सांगितले आहे एवढे आपणांस म्हणता येवो. जे गेले व जे येतील, त्या प्रत्येकाचे नाव देवास ठाऊक आहे, आणि तो एक दिवस आपणांस त्यांच्याविषयी विचारील. त्या दिवशी त्याच्यापुढे उभे राहता यावे म्हणून प्रभु त्या भरतीच्या कचेरीतील भावास व आपणां सर्वांस खरे बोलण्याचे धैर्य देवो.